कल्याण कॅम्पातले राज्य

८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी कल्याणजवळच्या एका जुन्या लष्करी छावणीत आले आणि त्या छावणीचे उल्हासनगर झाले. शहराचा वाढदिवस आजही याच तारखेला धरतात. राजाजी त्या दिवशी कोणत्या नात्याने आले होते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. ते भारताचे गव्हर्नर जनरल होते, म्हणजे कागदोपत्री इंग्लंडच्या राजाचे, सहाव्या जॉर्जचे, प्रतिनिधी. स्वातंत्र्याला दोन वर्षे होत आली होती, पण घटना समितीचे काम अजून चालूच होते आणि भारताचा नागरिक कोण हे ठरवणारे एकही कलम अमलात आलेले नव्हते. छावणीतले हजारो सिंधी त्या दिवशी कायद्याने भारतीय नागरिक नव्हते. तसे पाहिले तर राजाजीही नव्हते.

गाव आधी झाले, नागरिक मागाहून. शाळेतल्या नागरिकशास्त्रात आपण वेगळा क्रम पाठ करतो. १९३३ साली माँटेव्हिडिओ इथे अमेरिका खंडातल्या देशांनी एक करार केला. त्यात राज्याची चार लक्षणे सांगितली आहेत: कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. जगभरचे कायदेपंडित आजही तीच आधाराला घेतात. कौटिल्याची यादी याहून मोठी, सात अंगांची. त्यातले ‘जनपद’ म्हणजे भूमी आणि तिच्यावरची माणसे, दोन्ही एकत्र. नवे जनपद कसे वसवावे यावर अर्थशास्त्रात वेगळे प्रकरणच आहे. माणसे परदेशातून आणावीत किंवा स्वतःच्याच राज्यातल्या दाटीच्या भागातून हलवावीत, एकेका गावात शंभर ते पाचशे कुटुंबे बसवावीत, त्यांना बी-बियाणे आणि गुरे पुरवावीत, अशा अगदी व्यवहारी सूचना त्यात आहेत. पण ज्यांची भूमी दुसऱ्या राज्यात गेली आणि ज्यांना आपण बोलावलेही नाही, असे लोक लाखांनी दाराशी आले तर काय करावे, हे कौटिल्य सांगत नाही. ते मुंबई सरकारला १९४७-४८च्या हिवाळ्यात स्वतःच शोधावे लागले.

खरे तर मुंबई सरकारला हे लोक नवे नव्हते. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि चार वर्षांनी तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. पुढची जवळजवळ नव्वद वर्षे कराचीचा कारभार मुंबईहून चालला. सिंधी भाषेच्या शाळा उभ्या करण्यात आणि व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीला शिस्त लावण्यात ज्या शिक्षणाधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, ते नारायण जगन्नाथ वैद्य मराठी होते. कराचीतली त्यांच्या नावाची शाळा आजही आहे. सिंधी मुसलमान नेत्यांना मुंबईचे हे जू नको होते. दूरचे सरकार, शिवाय त्यात हिंदूंचे पारडे जड. बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर १ एप्रिल १९३६ रोजी सिंध वेगळा प्रांत झाला आणि मुंबई इलाख्यात सहज अल्पसंख्य ठरणारे सिंधी मुसलमान नव्या प्रांतात स्पष्ट बहुसंख्य झाले. हिंदू उरले पाव हिश्शाच्या आसपास. प्रांताच्या सीमा नकाशावर हलल्या की आदल्या दिवशी बहुमतात असलेला माणूस दुसऱ्या दिवशी अल्पमतात जातो. सत्तेचे हे गणित सिंधी हिंदूंना फाळणीच्या अकरा वर्षे आधीच कळले असणार.

फाळणीत पंजाब कापला गेला, बंगाल कापला गेला. सिंध अखंड राहिला. २६ जून १९४७ रोजी सिंधच्या विधानसभेने पाकिस्तानच्या घटना समितीत जाण्याचा ठराव ३३ विरुद्ध २० मतांनी मंजूर केला आणि प्रश्न संपला. पंजाबी हिंदूला आणि शिखाला निदान पूर्व पंजाब मिळाला: आपली भाषा, आपली शेती, आपल्या ओळखीची माती, फक्त रॅडक्लिफच्या रेषेच्या अलीकडची. सिंधी हिंदूच्या वाट्याला विताएवढीही जमीन आली नाही. एका अर्थाने त्यांचा प्रांत त्यांना घराबाहेर ठेवून, अखंडच्या अखंड दुसऱ्या देशात गेला.

सुरुवातीला अनेकांना वाटत होते की थांबून बघावे. सिंधमध्ये पंजाबसारखी कत्तल झाली नव्हती. राजा बदलला तरी रयत बदलत नाही, हा तिथल्या व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. तालपूर मीरांचे राज्य गेले, इंग्रज आले, पेढ्या चालू राहिल्या. पण भारतातून येणाऱ्या मुसलमान निर्वासितांचे लोंढे कराचीत उतरू लागले आणि हवा पालटली. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. त्यानंतर थांबण्याची भाषा संपली. भारताचे पाकिस्तानातले पहिले उच्चायुक्त श्रीप्रकाश कराचीतच होते, आणि माणसे बाहेर काढण्यासाठी जहाजे मिळवणे हेच त्यांच्या कचेरीचे मोठे काम होऊन बसले. उच्चायुक्त म्हटल्यावर मेजवान्या आणि खलिते डोळ्यांसमोर येतात. त्या वर्षी भारत-पाक संबंध म्हणजे बंदरावरची रांग, बोटीचे तिकीट आणि जकात अधिकाऱ्याने उघडलेली ट्रंक असे रोकडे स्वरूप होते. काही लोक मीरपूर खासहून आगगाडीने खोक्रापार ओलांडून मारवाडात उतरले. पुष्कळसे बोटीने मुंबईला आले.

बाळासाहेब खेर तेव्हा मुंबईचे मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री. मुंबई शहर युद्धकाळापासूनच तुडुंब भरले होते. जागेची टंचाई, धान्याची टंचाई, त्यात ही माणसे. सरकारने त्यांना शहरात ठेवायचे नाही असे ठरवले आणि मुलुंड, कल्याण अशा दूरच्या ठिकाणच्या ओस पडलेल्या लष्करी छावण्या उघडल्या. या धोरणात करुणा होती, तशी धास्तीही होती. मुंबई सरकारने १९४८ साली निर्वासितांसाठी खास कायदाच केला: नाव नोंदवा, सांगितलेल्या जागी राहा. सिंधी पुढाऱ्यांना तो झोंबला. आम्ही देशासाठी घर सोडून आलो आणि आमची हजेरी संशयितासारखी घेतात, ही त्यांची तक्रार. मला दोन्ही बाजू समजतात. पण माणसाला आधी मोजणे, मग त्याची जागा ठरवणे आणि मगच त्याला काही देणे, हा राज्यसंस्थेचा जगभरचा स्वभाव आहे. खेरांचे सरकार त्याला अपवाद नव्हते.

कल्याणची छावणी दुसऱ्या महायुद्धात उभी राहिली. ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे मुंबई हे फौजांच्या ये-जा करण्याचे मोठे बंदर झाले होते. उतरलेल्या पलटणी काही दिवस कुठेतरी ठेवायच्या, म्हणून उल्हास नदी आणि वालधुनी यांच्यामधल्या माळावर दोन हजारांहून अधिक बॅरेकी बांधल्या. मधे लांबलचक दिवाणखाना, दोन्ही टोकांना खोल्या, वर कौले. छावणीचे पाच भाग होते. त्या भागांना एक ते पाच असे क्रमांक होते आणि ते क्रमांक आजही पत्त्यात टिकून आहेत. रिक्षावाल्याला आजही ‘कॅम्प तीन’ किंवा ‘कॅम्प पाच’ असेच सांगावे लागते. एक ब्रिटिश फौजी व्यवस्था मराठी मुलखात सिंधी शहराचा नकाशा होऊन बसली आहे, आणि कुणालाच त्यात विचित्र वाटत नाही.

पलटणीसाठी बांधलेल्या त्या दिवाणखान्यांत अनेक कुटुंबे एकत्र राहू लागली. मधे गोणपाट किंवा जुन्या साडीचा पडदा, हीच भिंत. कराची-हैदराबादेत हवेल्या असलेले, शिकारपूरची सराफी पेढी चालवलेले आणि लारकान्याचे छोटे दुकानदार, सगळे एका रांगेत नळावर. छावणीचा प्रमुख म्हणजे कमांडंट. शिधा त्याच्या हाती, खोली त्याच्या हाती, तक्रारही त्याच्याकडेच. निवडणूक नाही, सभागृह नाही. सरकार म्हणजे एक टेबल आणि टेबलामागचा माणूस, इतक्या उघड्या रूपात शासन पाहायला मिळण्याचे प्रसंग लोकशाहीत थोडेच. काही काळाने फुकटचा शिधा थांबवण्यात आला. तोवर बायकांनी पापड लाटायला घेतले होते आणि पुरुष लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटे विकू लागले होते. मुंबईच्या फेरीवाल्यांना हे नवे प्रतिस्पर्धी काही आवडले नाहीत.

आता नागरिकत्वाकडे वळू, कारण सगळा गुंता तिथेच आहे. १९४८च्या जुलैपर्यंत भारत आणि पश्चिम पाकिस्तान यांच्यामध्ये परवाना लागत नव्हता. रेषा आखलेली होती, पण ती ओलांडणाऱ्याला अडवणारा कायदा नव्हता. १९ जुलै १९४८ पासून भारताने वटहुकूम काढून परवाना सक्तीचा केला. पाठोपाठ पाकिस्तानने तेच केले. पासपोर्ट तर १९५२च्या ऑक्टोबरात आला. म्हणजे दोन सार्वभौम राज्ये १५ ऑगस्टला जन्मली, पण त्यांच्यामधली सीमा माणसांना जाणवेल इतकी घट्ट व्हायला वर्ष गेले, आणि पुरती घट्ट व्हायला पाच वर्षे.

घटनाकारांनी ती परवान्याची तारीखच उचलून घटनेच्या सहाव्या कलमात घातली. अखंड हिंदुस्थानात जन्मलेला, किंवा ज्याचे आईबाप वा आजी-आजोबा तिथले, असा माणूस पाकिस्तानातून १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिला असेल, तर तो आपोआप भारताचा नागरिक. त्या दिवशी किंवा त्यानंतर आला असेल, तर सहा महिन्यांचे वास्तव्य, सरकारी अधिकाऱ्यापुढे अर्ज आणि नोंदणी, तेही घटना अमलात येण्याच्या आत. जानेवारीतल्या दंगलीनंतर लगेच बोटीत बसलेला भाऊ आपोआप नागरिक झाला. दुकानाचा सौदा पुरा करायला मागे राहून ऑगस्टात आलेल्या त्याच्या भावाला मात्र रांगेत उभे राहावे लागले. आणखी एक बारीक गोष्ट. घटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली हे आपण जाणतो. पण नागरिकत्वाची कलमे त्याआधी दोन महिने, घटना स्वीकारली त्याच दिवशी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजी लागू झाली. प्रजासत्ताक घोषित करण्याआधी प्रजा कोण हे नक्की करून टाकले, असा त्याचा अर्थ. उल्हासनगर तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते.

मताधिकाराची हकिगत त्याहून मजेची. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतदारयाद्यांचे काम घटना तयार होण्याआधीच सुरू झाले होते. निर्वासितांचे काय करायचे असा प्रश्न घटना समितीच्या सचिवालयापुढे आला, तेव्हा १९४८ साली उत्तर मिळाले की ‘मी इथेच कायमचा राहणार आहे’ एवढे लिहून दिले तरी त्याचे नाव यादीत घ्या. म्हणून देशभर असे निर्वासित होते जे आधी संभाव्य मतदार झाले आणि मग नागरिक. आजच्या मतदारयाद्यांवरचे वाद ऐकताना त्या सचिवालयातल्या कारकुनांच्या धाडसाचे मला नवल वाटते. परिणामही झाला. सिंध काँग्रेसचे जुने नेते डॉ. चोइथराम गिडवाणी पहिल्याच लोकसभेत ठाणे मतदारसंघाचे खासदार होते, आणि तेही सत्ताधारी काँग्रेसचे नव्हे, विरोधातल्या प्रजासमाजवादी पक्षाचे. ज्यांची हजेरी काल कमांडंट घेत होता, त्यांचा माणूस दिल्लीत बसून मंत्र्याला प्रश्न विचारू लागला.

मत मिळाले, घर कुणाचे हे ठरायचे होते. मागे राहिलेल्या मालमत्तेवर दोन्ही देशांनी अभिरक्षक, म्हणजे कस्टोडियन, नेमले होते. सिंधमधली हिंदूंची घरे आणि जमिनी तिकडच्या कस्टोडियनकडे, भारत सोडून गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता इकडच्याकडे. जानेवारी १९४९ मध्ये दोन्ही सरकारांचा कराचीत या विषयावर करार झाला, तोही पुढे अडखळला. भारताचे म्हणणे होते की हिंदू-शिखांनी मागे टाकलेले घबाड कितीतरी मोठे आहे, तेव्हा फरकाची रक्कम पाकिस्तानने द्यावी. पाकिस्तानने ते मानले नाही आणि हा हिशेब आजतागायत मिटलेला नाही. शेवटी प्रत्येकाने आपापल्या हाती लागलेल्या मालमत्तेतून आपापल्या माणसांची भरपाई केली. १९५० साली भारतात दाव्यांचा कायदा झाला, १९५४ साली भरपाईचा. दावा जितका मोठा तितकी मिळणारी रक्कम प्रमाणाने कमी, अशी उतरती श्रेणी ठेवली. हवेलीवाल्याला हवेली मिळाली नाही, दुकानदाराचे मात्र बरे भागले. नेहरूकालीन समाजवाद पंचवार्षिक योजनांच्या पुस्तकांत शोधतात. मला तो या श्रेणीत जास्त स्पष्ट दिसतो.

याच कायद्यांखाली उल्हासनगरच्या बॅरेकींतल्या खोल्या आणि भूखंड लोकांच्या नावावर होऊ लागले. राहणारा दावेदार असेल तर दाव्यातून वळते, नसेल तर हप्त्याने. महाराष्ट्रातल्या इतर गावांत जमिनीचा पुरावा मागितला की माणूस सातबारा काढतो. उल्हासनगरात सनद काढतात. जमिनीची मूळ मालकी पुनर्वसन खात्याची, त्यामुळे इथल्या घराचा इतिहास शेताच्या वहिवाटीपाशी संपत नाही, तो प्रांत कार्यालयातल्या कुठल्याशा फायलीपाशी संपतो. फाईल सापडली नाही की पंचाईत.

१ मे १९६० रोजी मराठी माणसाला भाषेच्या नावाने राज्य मिळाले. त्याच वर्षी उल्हासनगरला नगरपालिका मिळाली. नगराध्यक्ष मात्र सरकारनेच नेमलेला. निवडणूक व्हायला १९६५ उजाडले. छावणीपासून निवडून आलेल्या सभागृहापर्यंतचा हा प्रवास सोळा वर्षांचा, आणि महानगरपालिका व्हायला आणखी तीस-एक. १९६० च्याच सप्टेंबरात नेहरू कराचीला गेले आणि अयुब खानांबरोबर त्यांनी सिंधू जलवाटप करारावर सही केली. सिंधूच्या सहा नद्यांचे पाणी दोन राज्यांनी जागतिक बँकेला मध्ये घालून वाटून घेतले. त्या नदीकाठची माणसे तेव्हा उल्हास नदीच्या काठी नळाच्या पाण्यासाठी भांडत होती. आजही नदीचे नाव धारण करणारे हे शहर पाण्यासाठी औद्योगिक विकास महामंडळाच्या तोंडाकडे बघते, आणि ते पाणी बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे असते.

भाषावार प्रांतरचनेच्या त्या दिवसांत सिंधींची कोंडी वेगळीच होती. संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले, हुतात्मे झाले, कारण मराठी बोलणारा सलग मुलूख नकाशावर होता. सिंधी बोलणारा मुलूख भारताच्या नकाशावर नव्हताच. मग मागणी करायची ती कशाची? कच्छात भाई प्रताप यांनी महारावांकडून जमीन मिळवून गांधीधाम उभे केले, तो एक प्रयत्न. पण राज्य मागता येत नाही म्हटल्यावर सिंधी पुढाऱ्यांनी राज्याशिवायची मान्यता मागितली. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली. सीमा हाती न लागता निव्वळ घटनात्मक जागा मिळवण्याचे हे राजकारण आपल्याकडे दुर्लक्षित राहिले आहे. कुणीतरी सर्वोच्च न्यायालयात गेले, की राष्ट्रगीतातला ‘सिंध’ आता परदेशात आहे, तो शब्द काढा. २००५ साली न्यायालयाने ती मागणी फेटाळली. राष्ट्राची सीमा आणि राज्याची सीमा एकच असावी लागते असे नाही, हे राज्यशास्त्रातले तत्त्व उल्हासनगरातल्या म्हाताऱ्यांना निकालाआधीच ठाऊक होते.

यानंतरचे उल्हासनगर सगळ्यांच्या परिचयाचे आहे. जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचरची दुकाने, जीन्सचे कारखाने. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद एवढा जुना झाला आहे की तो सांगणाऱ्याला आता स्वतःलाच हसू येत नाही. परदेशी मालावर सरकारने जबर जकात आणि बंदी घातलेली असताना परदेशी शिक्क्याची ही हौस पुरवणारे एक गाव निपजावे, यात आश्चर्य ते काय! ज्या लोकांनी एका रात्रीत बदललेले कायदे पाहिले होते, त्यांचा कायद्याच्या अक्षरावर फार जीव बसला नाही. हे मी त्यांचे समर्थन म्हणून सांगत नाही. पण बॅरेकीच्या पडद्याची भिंत झाली, भिंतीवर मजला चढला, मजल्यावर मजले चढले आणि नगररचना खाते मागून धापा टाकत आले, हा क्रम १९४८ पासूनचाच आहे. तेरा चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्र आणि २०११च्या जनगणनेत ५,०६,०९८ माणसे. जमीन आडवी वाढणार नव्हती.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि ८५५ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश झाला. आदेश झाला खरा, पण इतकी घरे पाडायची तर पुन्हा एक निर्वासितांची छावणी उघडावी लागली असती. २००६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने खास एका शहरासाठी कायदा केला: उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामे दंड घेऊन नियमित करण्याचा. न्यायसंस्था म्हणते पाडा, कायदेमंडळ म्हणते दंड भरा, आणि कार्यकारी यंत्रणा हातोडा खाली ठेवून पावतीपुस्तक काढते. सत्ताविभाजनावरची मोठमोठी पुस्तके वाचण्याआधी कुणी हे प्रकरण वाचले तरी बरेच काही उमजेल. दंड भरायलाही पुढे फारसे लोक आले नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यांत स्लॅब कोसळून माणसे मेली.

कायद्याची पकड सैल असली की तिथे दुसरी पकड बसते. मॅक्स वेबरने १९१९च्या व्याख्यानात राज्याची व्याख्या केली ती अशी, की एका भूप्रदेशात अधिकृत बळाची मक्तेदारी जे यशस्वीपणे सांगते ते राज्य. नव्वदीच्या उल्हासनगरात ही मक्तेदारी नेमकी कुणाकडे आहे, असा प्रश्न पडावा अशी स्थिती होती. पप्पू कलानी इथून १९९० पासून सलग चार वेळा आमदार झाले. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली तुरुंगात असतानाही लोकांनी त्यांना निवडून दिले. १९९० सालच्या एका खुनाच्या खटल्यात त्यांना २०१३ साली जन्मठेप झाली. मतपेटीने दिलेली सत्ता आणि न्यायालयाने केलेली शिक्षा, दोन्ही एकाच माणसाच्या नावावर आणि दोन्ही कायदेशीर. मतदारांना मूर्ख म्हणून हा विषय झटकणारे पुष्कळ भेटतात. छावणीत कमांडंटच्या टेबलाशी जाऊन आपले काम करून आणणारा माणूस ज्या समाजाने पुढारी म्हणून ओळखला, तो समाज नंतरही ‘काम करून देणारा’ शोधत राहिला, हे स्पष्टीकरण मला जास्त पटते. महाराष्ट्रातल्या किती तालुक्यांना ते लागू पडते, हे वाचकांनीच ठरवावे.

या सगळ्यात एका पक्षाचे नाव अजून आले नाही. छावणीची जमीन आकाशातून पडली नव्हती. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातली भातखाचरे आणि गुरचरण युद्धाच्या गरजेसाठी सरकारने ताब्यात घेतली, आणि ती होती बहुतांशी आगरी शेतकऱ्यांची. त्यातल्या एका भागावर निर्वासितांचे शहर उभे राहिले. त्याच युद्धात शेजारच्या नेवाळीला विमानांच्या धावपट्टीसाठी जमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर ती परत मिळायची होती, असे तिथले शेतकरी सांगतात. इंग्रज गेले, पण जमीन संरक्षण खात्याच्या दप्तरात राहिली, कारण सार्वभौमत्व हस्तांतरित होताना मागच्या राज्याचे कागद पुढच्या राज्याला वारशाने मिळतात. संयुक्त राष्ट्रांनी १९४७ साली निवाडा दिला तो हाच: भारत हे जुनेच राज्य पुढे चालू आहे, नवे सदस्यत्व मागायचे ते पाकिस्तानने. न्यूयॉर्कमध्ये भारताची जागा अबाधित ठेवणारे हे तत्त्व नेवाळीच्या शेतकऱ्याला मात्र महागात पडले. २०१७ साली नौदलाने कुंपणाची भिंत घालायला सुरुवात केली आणि २२ जूनला तिथे भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जळाल्या, छर्रे चालले, अनेक माणसे जखमी झाली. कराचीच्या सिंध्याला गेलेल्या घराचा दावा लावायला १९५० साली कायदा मिळाला. नेवाळीच्या आगऱ्याला सत्तर वर्षांनीही त्याच्यासारखे दुसरे दार सापडले नाही.

सिंधमधून माणसे येणे १९४८ साली थांबले नाही. तीर्थयात्रेच्या किंवा नातेवाइकांच्या व्हिसावर हिंदू कुटुंबे येत राहिली आणि त्यांतली काही उल्हासनगरच्या आपल्या माणसांत मिसळून गेली. ती इथे राहतात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राने सात राज्यांतल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले, त्यांत ठाणे होते. २०१९ साली नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त झाला आणि मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना सवलत. मुसलमान त्यात नाहीत, आणि त्यावरून देशभर रण माजले. घटनेच्या सहाव्या कलमात धर्माचा उल्लेख नव्हता, नुसती तारीख होती. नव्या कायद्यात तारीख आहे आणि धर्मही. २०१४ नंतर आलेल्याला जुनाच लांबचा रस्ता.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांची हत्या झाली. दुसऱ्या दिवशी भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवला आणि त्याच्या पुढच्या दिवशी पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केल्याचे जाहीर केले. भारतीय नागरिकत्व अजून न मिळालेल्या सिंधी माणसाच्या खिशातला पासपोर्ट पाकिस्तानी असतो. मग परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला: पाकिस्तानी हिंदूंना दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील.